बघायला शिकवणारा तास बंद करू नका : समुपदेशन अभ्यास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अभ्यास मंडळ, एम.ए. समुपदेशन मानसशास्त्र,
आणि त्या परिपत्रकावर ज्यांनी ज्यांनी सही केली ते सगळे,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव इथे लिहीत नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये. रीतसर ईमेल केला, मग ऑफिसात जाऊन अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर काही आलं नाही, म्हणून आता चार लोकांसमोर लिहितेय. शिवाय हा एका कॉलेजपुरता विषय राहिलेला नाही. मुंबईत सध्या गल्लोगल्ली काउन्सेलिंगचे कोर्स निघालेत आणि तुम्ही जे केलंत ते उद्या बाकीचेही करणार, कारण स्वस्त पडतं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आपल्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक पेपर होता, ज्यात विद्यार्थी वर्षभर दर आठवड्याला एका घरी जाऊन तिथल्या तान्ह्या बाळाला तासभर बघायचे, घरी येऊन लिहायचे आणि पाच-सहा जणांच्या सेमिनारमधे ते वाचायचे. इंटर्नशिपच्या कामावर अनुभवी माणसासोबत बोलायला, म्हणजे सुपरव्हिजनला, तसाच एक छोटा ग्रुप होता, आणि एक रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे कामात काय घडलं आणि आपल्याला काय वाटलं ते लिहायची वही. दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेज बंद असताना, परिपत्रक निघालं. घरी जाणं बंद, त्याऐवजी ३० तासांचं रेकॉर्डेड व्हिडिओ मॉड्यूल आणि शेवटी एमसीक्यू. छोटे ग्रुप बंद, त्याऐवजी महिन्यातून एकदा सगळ्या ६० जणांचा मिळून एक वेबिनार. जर्नल राहणार, पण पोर्टलवर, ठरलेल्या टेम्प्लेटमधे, २५ मार्कांना. कारण काय दिलंय तर 'कौशल्याधारित, आउटकम-बेस्ड आणि कालसुसंगत अभ्यासक्रम'. हे तीन शब्द एका ओळीत आले की समजायचं कुठेतरी पैसे वाचवलेत.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. मी याच कोर्सची माजी विद्यार्थिनी, आणि आता बरीच वर्षं पूर्व उपनगरातल्या एका शाळेत समुपदेशक आहे. माझं ऑफिस म्हणजे जिन्याखालची जुनी स्टोअर रूम, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि स्पोर्ट्सच्या सामानाची एक पेटी जी अजून कुणी हलवलेली नाही. तुमच्याकडचे इंटर्न दरवर्षी माझ्याकडे येतात. तुम्ही वर्गातून जे काढून टाकता ते कमी पडलेलं मला या खोलीत दिसतं, आणि समोर बसलेलं पोर दहा-बारा वर्षांचं असतं, त्याला तुमच्या क्रेडिटचं काही घेणंदेणं नसतं.

आता ही पद्धत काय आहे ते जरा नीट सांगू दे, कारण परिपत्रकात तिचा उल्लेख 'गृहभेटी' असा आहे. या गृहभेटी नाहीत. गृहभेटीत काहीतरी काम घेऊन जातात, फॉर्म भरतात, वजन करतात, सल्ला देतात. इथे नेमकं उलटं आहे. १९४८ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानसोपचाराच्या क्लिनिकमधे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलांच्या सायकोथेरपीचं ट्रेनिंग सुरू केलं तेव्हा मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी हे त्यात आणलं. बिक मूळच्या पोलंडच्या, व्हिएन्नात मानसशास्त्रज्ञ शार्लट ब्यूलर यांच्याकडे शिकलेल्या, नाझींमुळे इंग्लंडला आलेल्या. त्यांनी ठरवलं की ज्याला मुलांसोबत काम करायचंय त्यानं आधी एका बाळाला जन्मापासून दोन वर्षांपर्यंत बघायचं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एक तास. वही काढायची नाही. सल्ला द्यायचा नाही. बाहेर पडल्यावर जेवढं आठवतं तेवढं सगळं लिहून काढायचं, साध्या भाषेत, थिअरीचा एक शब्द न घालता. मग ते छोट्या ग्रुपमधे वाचायचं आणि ग्रुपनं मिळून विचार करायचा. १९६० पासून लंडनच्या, मनोविश्लेषण शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकोअ‍ॅनालिसिसनंही ते त्यांच्या ट्रेनिंगमधे घेतलं आणि नंतर ते जगभर गेलं. आपल्याकडे दोन वर्षांचं एक वर्ष केलं होतं, त्यालाही माझी हरकत नव्हती.

बाळच का, असं प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच. कारण बाळ बोलत नाही. बोलणाऱ्या माणसासमोर आपण त्याचे शब्द पकडून बसतो, बाळासमोर ती सोय नाही, मग हात, पाय, श्वास, नजर, कोण आलं, कोण गेलं, एवढंच उरतं. आणि दुसरं म्हणजे आपल्याला काय होतंय ते. बाळ रडतंय, आई फोनवर आहे, तुम्ही कोपऱ्यात बसलाय आणि तुम्हाला उठायचं नाहीये. त्या दोन मिनिटांत पोटात जे होतं ना, राग, दया, आईला दोन शब्द सुनवावेत असं वाटणं, घड्याळाकडे नजर जाणं, ते सगळं कामाचं असतं. मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी १९५० सालीच मांडलं होतं की समोरच्या माणसाबद्दल थेरपिस्टच्या मनात जे उमटतं ते नुसतं अडथळा म्हणून झटकून टाकायचं नसतं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळायचं ते एक साधन आहे. यालाच 'काउंटरट्रान्सफरन्स' म्हणतात, परीक्षेत सगळे त्याची व्याख्या लिहितात. ते अंगावर आल्यावर ओळखू येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती फक्त अशा तासाला शिकता येते.

माझ्या वेळचं एक सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एसआरएच्या बिल्डिंगमधलं घर, एकच खोली, ओट्यावर आई चपात्या लाटतेय, आजी पलंगावर बसून सिरीयल बघतेय, बाळ साधारण सहा-सात महिन्यांची, खाली चटईवर, तोंडात प्लास्टिकचं मापटं. मोठ्या भावाची शाळेची बस यायची वेळ झाली म्हणून आई हात पुसून खाली गेली. बाळानं मापटं तोंडातून काढलं आणि ट्यूबलाइटकडे बघायला लागली. रडली नाही. आजी म्हणाली, बघा किती शहाणी आहे, आई गेली तरी आवाज नाही. मला मात्र तिला उचलून घ्यावंसं एवढं वाटत होतं की मी मांडीखाली हात दाबून बसले होते, आणि त्या आईचा राग येत होता, जिनं खरं तर काहीच चुकीचं केलं नव्हतं. आई आल्यावर बाळानं आधी तिच्याकडे बघितलंच नाही, मान फिरवली, मग थोड्या वेळानं एकदम जोरात रडली.

हे मी सेमिनारमधे वाचलं. लिहिलेल्यात एक वाक्य होतं की बाळाच्या पायाची बोटं आत वळलेली होती आणि आई परत येईपर्यंत तशीच होती. ते वाचून मी पुढे जात होते, सेमिनार घेणाऱ्या मॅडमनी थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग पाऊण तास आम्ही फक्त ट्यूबलाइट आणि त्या बोटांवर बोललो. बिक यांनी १९६८ मधे लिहिलंय की अगदी लहान बाळाला सांभाळून धरणारं कुणी नसेल त्या वेळी ते एखाद्या उजेडाला, आवाजाला, वासाला नजरेनं किंवा कानानं चिकटतं आणि स्वतःला एकसंध ठेवतं, कधी अंग ताठ करून ते काम करतं. म्हणजे आजीला जे शहाणपण दिसलं ती त्या बाळाची केवढी तरी मेहनत असू शकते. 'असू शकते' हेही मॅडमनीच शिकवलं. एका तासावरून ठाम बोलायचं नाही, पुढच्या आठवड्यात परत दिसतं का बघायचं. ग्रुपमधली एकजण म्हणाली, तुझा राग ऐकून मलाच रडू येतंय, आणि तिथून बोलणं भलतीकडेच गेलं, आमच्यातल्या कुणाकुणाच्या आया नोकरी करायच्या इथपर्यंत. ते सगळं तुमच्या टेम्प्लेटमधे कुठल्या रकान्यात भरायचं?

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी आधी. चालू घरं तुम्ही मधेच तोडलीत. ज्या दिवशी परिपत्रक निघालं त्या दिवशी विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज गेला की या आठवड्यापासून कुणीही जाऊ नये. त्या घरांना कुणी काही कळवलं नाही. ही माणसं कोण होती? ज्यांनी अनोळखी मुलीला आपल्या एका खोलीच्या घरात, बाळंतपणानंतरच्या त्या दिवसांत, दर आठवड्याला येऊ दिलं, कसलाही मोबदला न घेता. मालिशवाली बाई येऊन गेली की मग ताई येणार, असं त्या घराचं वेळापत्रक झालेलं असतं. बाळ दाराकडे बघायला लागलेलं असतं. या पद्धतीत निरोप घेणं हा शिकण्याचा भाग आहे, काही आठवडे आधीपासून घरात सांगायचं असतं, आता एवढेच तास राहिले. थेरपी शिकवणाऱ्या विभागानं हे असं तोडावं? विद्यार्थ्यांनी जाऊन किमान सांगून यावं म्हटलं तर तेही 'परवानगीशिवाय' नको म्हणालात. मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं की ती त्या बिल्डिंगखालून जायचंच टाळते आता, समोरून आई दिसली तर काय सांगणार.

दुसरं, व्हिडिओ. व्हिडिओ वाईट नसतात, मीही दाखवते. पण व्हिडिओत कुठे बघायचं ते कॅमेरावाल्यानं आधीच ठरवलेलं असतं. मी जायचे त्या घरात बाळाचे पाय फ्रेमच्या बाहेर गेले असते. व्हिडिओतलं बाळ तुमच्याकडे बघत नाही, व्हिडिओतली आजी 'तुमचं लग्न झालं का' विचारत नाही, आणि सहन झालं नाही की पॉज करता येतं. पॉज करता येत नाही हाच तर या शिक्षणाचा गाभा आहे. माझ्या खोलीत एखादी मुलगी घरी काय चाललंय ते सांगायला लागते तेव्हा तिथे कुठलं बटण असतं?

तिसरं, ६० जणांचा वेबिनार. यावर फार बोलत नाही. ६० जणांत कुणीही 'मला त्या क्लायंटचा कंटाळा येतो' असं म्हणणार नाही, आणि ते वाक्य जिथे म्हणता येत नाही त्याला सुपरव्हिजन म्हणू नये. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमधे साध्या फॅमिली डॉक्टरांचे असे ग्रुप सुरू केले, डॉक्टर येऊन आपल्याला छळणाऱ्या पेशंटबद्दल बोलायचे, त्यांना आजही बालिंट ग्रुप म्हणतात. ते वर्गभर लोकांचे नव्हते, एका टेबलाभोवती मावतील एवढ्यांचे होते.

चौथं, जर्नलचे मार्क. टेम्प्लेट मी बघितलंय. काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं काय वाईट, विश्लेषण, निष्कर्ष, पुढचा प्लॅन. अनुभवावर विचार कसा करायचा त्याच्या, शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्स यांच्या १९८८ च्या सहा पायऱ्या तुम्ही जशाच्या तशा उचलल्यात. पायऱ्यांना नावं ठेवत नाही, सुरुवातीला आधार म्हणून बऱ्या असतात. पण मार्क लावले की मुलं काय लिहिणार ते सांगू? 'सुरुवातीला मला दडपण आलं, परंतु नंतर मला सहानुभूतीचं महत्त्व समजलं.' माझ्याकडे आलेल्या सगळ्या जर्नलमधे हे वाक्य आहे, थोड्याफार फरकानं, आणि निम्मी चॅटजीपीटीनं लिहिलेली आहेत हे वाचताक्षणी कळतं. मुलांना दोष देत नाही. जिथे प्रामाणिकपणा मोजला जाणार तिथे कोण प्रामाणिक राहील? आणि पोर्टलवर का? त्यात क्लायंटबद्दल लिहिलेलं असतं, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घराबद्दल लिहिलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा हक्क आहे, तो आपणच वर्गात शिकवतो, आणि इकडे आयटीच्या माणसापासून क्लार्कपर्यंत कुणालाही उघडता येईल अशा पोर्टलवर अपलोड करायला लावतो.

पाचवं, ज्याचा परिणाम मी रोज बघते. परिपत्रक आत्ताचं असलं तरी घरं आणि छोटे ग्रुप गेल्या वर्षीच अर्ध्यावर आणलेत तुम्ही, त्यामुळे काही इंटर्न त्याशिवायच माझ्याकडे आलेत. त्यातली एक मुलगी, हुशार, कष्टाळू, कल्याणहून गर्दीत लटकत यायची तरी वेळेच्या आधी हजर. सहावीतला एक मुलगा तिच्याकडे दिला, तक्रार नेहमीची, वर्गात लक्ष नाही. तिनं पहिल्याच भेटीत भावनांचा तक्ता, श्वासाचा व्यायाम आणि एक वर्कशीट असं सगळं केलं, रिपोर्ट टाइप करून दिला, एक चूक नाही. मी विचारलं, तो आत आला तेव्हा दप्तर कुठे ठेवलं त्यानं? तिला सांगता येईना. पुढच्या वेळी मी तिला म्हटलं आज काही करू नकोस, फक्त बस त्याच्यासोबत. मुलगा अख्खा वेळ पाठीवर दप्तर घेऊन बसला होता, खुर्चीच्या टोकाला, पाठ न टेकता. वर्गातही तो तसाच बसतो आणि त्यावरून ओरडा खातो हे मग बाईंकडून कळलं. हळूहळू घरचं कळत गेलं. भाड्याचं घर, ११ महिन्यांचा करार, दर वेळी नवी खोली, कधी मानखुर्द कधी दिवा, सामान निम्मं बांधलेलंच असतं. त्याच्या रिपोर्टमधे वर्कशीट होतं, दप्तर नव्हतं. त्या मुलीला बघायला कुणी शिकवलंच नव्हतं, तिला काहीतरी करायला शिकवलं होतं, आणि ते तिनं मन लावून केलं.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण कुणीतरी म्हणणारच की बाई फ्रॉइडवाल्या आहेत, सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या, विरोधात आहेत. अजिबात नाही. वर्कशीट मीही वापरते, परीक्षेच्या भीतीनं उलट्या करणाऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. कुठलीही थेरपी करा, समोर कोण बसलंय ते आधी दिसायला नको का?

मला खरं कोडं पडलंय ते हे की मानसशास्त्राच्याच लोकांनी असं का केलं. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी १९५९-६० च्या सुमाराला लंडनच्या एका हॉस्पिटलमधल्या नर्सिंगचा अभ्यास केला होता. तिथे कामाचे एवढे बारीक तुकडे केले होते की कुठलीच नर्स एका पेशंटजवळ फार वेळ राहू नये, पेशंटला नावानं न ओळखता बेड नंबर आणि आजारी अवयवानं ओळखायचं, सगळं यादीप्रमाणे. मेन्झीस यांचं म्हणणं असं की ही व्यवस्था कुणी मुद्दाम दुष्टपणानं केलेली नव्हती, आजारी आणि मरणाऱ्या माणसाच्या जवळ राहिल्यावर जी भीती वाटते ती टाळायला संस्थेनंच ती उभी केली होती. आणि भीती काही गेली नाही, उलट चांगल्या शिकाऊ नर्सेस सोडून जात राहिल्या. हा पेपर तुमच्या सिलॅबसमधे आहे. मॉड्यूल, क्विझ, टेम्प्लेट, पोर्टल, असे तुकडे तुम्ही केलेत ना, ते एकदा त्या पेपरशेजारी ठेवून बघा. विद्यार्थी सेमिनारमधे रडतात, घरून आल्यावर अस्वस्थ असतात, फॅकल्टीला ते झेपत नाही, असंही काही असेल तर तसं सांगा, त्यावर बोलता येईल. 'कालसुसंगत'वर काय बोलणार.

तुमच्या बाजूनं जे मुद्दे ऐकू आलेत त्यातले दोन मला पटतात, थोडेफार.

एक म्हणजे ही पद्धत परदेशी आहे, लंडनच्या घरातली आई आणि बाळ वेगळं आणि आपलं वेगळं. खरंय. आपल्याकडे आई आणि बाळ असे दोघंच कधी सापडतच नाहीत. आजी असते, शेजारची काकू दार न वाजवता येते, कुणी बाळाची टाळू भरतंय, कुणी घुटी उगाळतंय. चहा नको म्हटलं तर अपमान होतो, म्हणून चहा घ्यायचा का यावर आमच्या सेमिनारमधे चांगली खडाजंगी झाली होती. आडनाव विचारतात. विचारण्यामागे काय असतं ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको, आणि आडनाव ऐकल्यावर कप बदलतो की तोच राहतो हेही ऑब्झर्व्हेशनच आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकीला एका घरी दुसऱ्या आठवड्यापासून बाहेरच्या खोलीतच बसवायला लागले, त्यावर जे बोलणं झालं ते जातीवरच्या कुठल्याही लेक्चरला भारी होतं. म्हणजे पद्धत इथल्या घरात आणली की ती बदलते, आणि त्या बदलण्यातूनच शिकायला मिळतं. आणि परदेशी परदेशी किती करायचं? गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मधे कलकत्त्याला इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली, शंभर वर्षं होऊन गेली. 'न कळण्याच्या अवस्थेत टिकून राहा' असं थेरपिस्टला बजावणारे विल्फ्रेड बियॉन तर १८९७ साली मथुरेत जन्मले, लहानपणी सांभाळणाऱ्या इथल्या आयाबाईच्या अंगाखांद्यावर वाढले. व्हिडिओ मॉड्यूल मात्र कुठून आलंय, ते एकदा तुम्हीच बघून घ्या.

दुसरा मुद्दा वेळेचा आणि पैशाचा. हा पूर्ण खरा आहे. नोकरी करून शिकणाऱ्या मुलीला बदलापूरहून चेंबूरला एक तासासाठी जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, पावसाळ्यात लोकल बंद पडल्या की तो तासही बुडतो. सेमिनार घेणाऱ्यांना तासाचे पैसे एवढे कमी मिळतात की चांगली माणसं टिकत नाहीत. पण यावर उपाय करता येतात. प्रत्येकाला तान्हं बाळच हवं असं नाही, राहत्या वस्तीतली अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर चालेल, तीन-चार वर्षांच्या मुलांचं ऑब्झर्व्हेशनही टॅव्हिस्टॉकच्या परंपरेत शिकवतात. नाहीतर हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेरचा बाक, वृद्धाश्रमाचा हॉल, ब्रिटिश मनोविश्लेषक रॉबर्ट हिन्शेलवूड यांनी हीच पद्धत संस्था बघायला वापरलीय. दुसऱ्या महायुद्धात सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांनी लंडनला हॅम्पस्टेडमधे मुलांची पाळणाघरं चालवली, तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला, बॉयलर सांभाळणाऱ्या जेम्स रॉबर्टसनसकट, मुलं काय करतात ते कार्डावर लिहायला सांगितलं होतं. त्याच रॉबर्टसननी पुढे १९५२ मधे हॉस्पिटलात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. तेव्हा इंग्लंडमधे ॲडमिट केलेल्या मुलांना आईवडिलांनी फार भेटू नये अशी पद्धत होती, १९५९ च्या सरकारी प्लॅट रिपोर्टनं ती बदलायला सांगितलं, आणि त्यामागे या माणसाच्या बघण्याचा मोठा वाटा होता. सुरुवात कार्ड आणि पेन्सिलीनं झाली होती. त्यामुळे बजेट नाही हे कारण मला सांगू नका.

मागण्या अशा आहेत.

ज्या घरांमधलं ऑब्झर्व्हेशन मधे थांबवलंय तिथे विद्यार्थ्यांना लगेच परत जाऊ द्या. घरातली माणसं तयार असतील तर ठरलेलं वर्ष पूर्ण होऊ दे, नसतील तर निदान नीट निरोप घेऊन येऊ दे. विभागाकडून प्रत्येक घराला पत्र द्या, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी आणि आभार, मराठीत किंवा त्यांना जी भाषा येते त्यात, आणि कुणीतरी फॅकल्टीनं ते हातात नेऊन द्यावं. याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे यासाठी कमिटी नेमू नका.

पुढच्या जूनपासून आठवड्याचं ऑब्झर्व्हेशन पूर्ण एक वर्षासाठी परत सुरू करा. घर नसेल जमत तर बालवाडी किंवा पाळणाघर, विद्यार्थ्याच्या राहण्याच्या जवळ. सेमिनार ग्रुप जास्तीत जास्त सहा जणांचा, वर्षभर तोच ग्रुप आणि घेणारी व्यक्ती तीच. इंटर्नशिपच्या सुपरव्हिजनलाही हेच. वेबिनार ठेवायचा असेल तर ठेवा, पण सुपरव्हिजनच्या तासांत तो धरू नका.

जर्नलचे मार्क काढा. लिहिलं की नाही एवढंच बघा, वाचायला विद्यार्थी देईल तो भाग, देईल त्यालाच. पोर्टलवर आजवर जे अपलोड झालंय ते काढून टाका आणि काढल्याचं लेखी कळवा.

सेमिनार घेणाऱ्यांचं मानधन वाढवा, आणि फॅकल्टीसाठीही असा एक ग्रुप सुरू करा. खोचकपणे म्हणत नाहीये. ज्यांना दर आठवड्याला विद्यार्थ्यांची अस्वस्थता ऐकायची असते त्यांचं कोण ऐकतं?

आणि शेवटचं, पुढच्या वेळी असा निर्णय घ्यायच्या आधी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि आमच्यासारख्या जिथे इंटर्न येतात त्या ठिकाणच्या लोकांना बोलवा. अभ्यास मंडळात इंटर्नशिपच्या ठिकाणचा एक तरी माणूस असू दे.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे तेही लिहून टाकते. सहा जणांचा एक सेमिनार ग्रुप मी वर्षभर विनामोबदला घ्यायला तयार आहे. ओळखीच्या दोन पाळणाघरांशी बोलणं झालंय, त्यांची विद्यार्थी येऊन बसायला हरकत नाही, फक्त फोटो काढायचे नाहीत ही त्यांची अट आहे, आणि ती मला आवडली. जागेची अडचण असेल तर आमच्या मुख्याध्यापिका शाळा सुटल्यावर एक वर्ग द्यायला तयार आहेत.

उत्तर लेखी द्या, म्हणजे विद्यार्थ्यांनाही दाखवता येईल. भेटायचं असेल तर कुठल्याही दिवशी साडेपाचनंतर मी येऊ शकते, फक्त शनिवार नको, शनिवारी आमच्याकडे पालक येतात.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि शाळा समुपदेशक
मुंबई